‘नॉन’ गेला आणि नऊ दिवस गेले

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी तुमच्या पुरवणीत कॅन्सर संशोधनावर लेख होता, छान होता, पण त्यात अँटिबॉडी म्हटलं की फक्त औषधच. आम्हा लॅबवाल्यांना अँटिबॉडी, म्हणजे ठरावीक प्रोटीनला चिकटणारा रेणू, लागते ती एखादं प्रोटीन पेशीत आहे की नाही, आणि असेल तर कुठे बसलंय ते हुडकायला. आणि ती घेताना जो घोळ होतो त्यावर कोणी लिहीत नाही म्हणून हे पत्र.

मी बीटा-कॅटेनिनवर काम करते. हे प्रोटीन दोन-दोन ड्युट्या करतं, एकीकडे पेशींच्या कडेवरच्या ई-कॅडहेरिन या प्रोटीनला धरून पेशींना एकमेकींशी बांधून ठेवतं, दुसरीकडे केंद्रकात जाऊन जीन्स चालू करतं. जास्तीचं झालं की पेशी त्याच्यावर फॉस्फेटचा शिक्का मारते आणि भंगारात काढते. मोठ्या आतड्याच्या बहुतेक कॅन्सरमध्ये एपीसी नावाचं जीन बिघडलेलं असतं, मग ही भंगाराची व्यवस्थाच बंद पडते आणि माल साठत जातो. मायक्रोस्कोपखाली निरोगी आतड्यात हे प्रोटीन पेशींच्या कडेकडेने मधाच्या पोळ्यासारखं दिसतं, ट्यूमरमध्ये बऱ्याचदा केंद्रकंच चमकतात. डेस्मॉइडसारख्या गाठीचं निदान करताना पॅथॉलॉजिस्टसुद्धा हेच बघतात, म्हणजे हा नुसता पीएचडीचा खेळ नाही.

तर मी मागवली होती ‘नॉन-फॉस्फो’ अँटिबॉडी, म्हणजे शिक्का न बसलेलं, कामावर असलेलं प्रोटीन ओळखणारी. स्टोअरने कोटेशनं मागवली, सगळ्यात स्वस्त त्याला ऑर्डर, आणि आली फॉस्फोवाली, म्हणजे नेमकी उलटी! मी गडबडीत ट्यूबवरचं नाव नीट वाचलं नाही ही माझी चूक, कबूल. पेशींना लिथियम क्लोराइड दिलं, त्याने शिक्का मारणारं एन्झाइम थंडावतं, म्हणजे ब्लॉटवर (प्रोटीन्स वजनाप्रमाणे वेगळी करून अँटिबॉडी लावतात तो कागद) बीटा-कॅटेनिनचा ९२ किलोडाल्टन वजनाचा बँड, म्हणजे पट्टा, गडद व्हायला पाहिजे, तर तो डोस वाढेल तसा फिकट होत चालला. ट्रान्सफर (प्रोटीन जेलमधून त्या कागदावर नेतात ती पायरी) बघितला, नवीन बफर केला, गाइडने माझ्या पिपेटिंगवर शंका घेतली ती वेगळीच, असे नऊ दिवस गेले आणि मग ट्यूब उजेडात धरून वाचली. स्टोअरमध्ये गेले तर साहेब म्हणतात, "बीटा-कॅटेनिनचीच आहे ना मॅडम, मग?" चाळीसेक हजारांची शंभर मायक्रोलिटर. उघडलेली बाटली परत घेत नाहीत.

अँटिबॉडी म्हणजे ए-फोरचा रिम नव्हे की कुठल्याही कंपनीचा चालेल. बरं, नाव बरोबर असलं तरी भरवसा नाहीच. २०२३ मध्ये ईलाइफ जर्नलमध्ये एक मोठी तपासणी आली, ६५ प्रोटीन्ससाठी विकल्या जाणाऱ्या ६१४ अँटिबॉडीज नॉकआउट पेशींवर, म्हणजे ते जीनच काढून टाकलेल्या पेशींवर, लावून बघितल्या. तिथे प्रोटीनच नाही तरी बँड आला तर तो खोटा, इतकं सोपं. निम्म्याहून जास्त अँटिबॉडीज कुठल्या ना कुठल्या टेस्टमध्ये नापास. शिवाय सशापासून काढलेल्या जुन्या पॉलिक्लोनल (मिश्र) अँटिबॉडीचं तर असं की ससा गेला की ती अँटिबॉडी गेली, पुढचा लॉट वेगळाच निघू शकतो.

जून २०२५ मध्ये केंद्राने वैज्ञानिक खरेदीचे नियम सैल केले, संस्थेच्या प्रमुखाला जेम या सरकारी खरेदी पोर्टलबाहेरून घ्यायची मुभा दिली, कोटेशनशिवाय खरेदीची मर्यादा १ लाखावरून २ लाखांवर नेली. म्हणजे माझी ट्यूब आरामात बसते त्यात. पण आमच्या स्टोअरचं अजून एल-वन (सगळ्यात स्वस्त कोटेशन) एके एल-वन. माझं म्हणणं एवढंच की कॅटलॉग नंबर संशोधकाने ठरवावा, नॉकआउटचा डेटा दाखवल्याशिवाय ऑर्डर जाऊ नये, आणि एका कॅम्पसवर चार लॅब तीच अँटिबॉडी घेत असतील तर आधी एकीने तपासून बाकीच्यांना सांगावं, त्याला तर पैसेही लागत नाहीत.

नवीन ऑर्डर परवाच गेली. यावेळी फॉर्मवर ‘नॉन’ला लाल पेनाने दोनदा गोल केलाय.

आपली,
एक संशोधक विद्यार्थिनी, पुणे