बाई, अनोळखी नावं ऐकायला शिकवलंत

आदरणीय बाई,

पियानोचे धडे सुटले तरी तुम्ही माझं ऐकणं सुटू दिलं नाहीत. त्याचे आभार कधीचे मनात आहेत. आज ते सगळ्यांसमोर मानते आहे, कारण तुम्ही मला जे दाखवलंत ते आणखी चार जणांच्या कानी पडावं असं फार वाटतं.

बाख, बेटहोवन, शोपँ यांच्या पलीकडे मी जात नव्हते. तुम्ही त्या थोरांना बाजूला सारायला कधीच सांगितलं नाहीत. त्यांच्याच शेजारी एक नाव आणून ठेवलंत: फ्रेंच संगीतकार एलेन द मोंझेरू. जन्म १७६४, म्हणजे बेटहोवनपेक्षा सहा वर्षांनी मोठी. १७९५ मध्ये पॅरिसच्या नव्या संगीत विद्यालयात ती प्राध्यापक झाली आणि तिने पियानोशिक्षणाचा प्रचंड ग्रंथ लिहिला. त्यात ११४ एट्यूड, म्हणजे सरावासाठीच्या छोट्या रचना, आहेत. ‘ही सालं डोक्यात ठेव आणि मग ऐक,’ एवढंच तुम्ही म्हणालात. पियानोवादक क्लेअर हॅमंडचं २०२२चं रेकॉर्डिंग होतं. डावा हात सतत वाहतो आहे, वरून उजव्या हाताची लांब, गाती ओळ सरकते आहे. ज्याला आपण शोपँच्या काळाचा रंग म्हणतो तो इथे आधीच उमटलेला! शोपँ दहा वर्षांचा होईपर्यंत ही पानं छापून झालेली होती. पियानोवर गायकाचा श्वास आणायचा, हा तिचा आग्रह होता, आणि तो त्या ओळींत ऐकू येतो. नंतर तुम्ही एडना स्टर्नचं रेकॉर्डिंग दिलंत, प्लेयेल या फ्रेंच कंपनीच्या जुन्या पियानोवरचं. तेच संगीत, पण आवाज लवकर विरणारा, म्हणून ओळ गात ठेवायला वादकाला वेगळे कष्ट. दोन रेकॉर्डिंग्ज शेजारी ठेवून ऐकणं म्हणजे काय, ते त्या दिवशी मला कळलं.

अल्कां या फ्रेंच संगीतकाराच्या वेळी तुम्ही नोटेशन समोर ठेवायला लावलंत. १८५७ मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा एकट्या पियानोसाठीचा कॉन्चेर्टो (एरवी ही एकल वादक आणि ऑर्केस्ट्रा यांची रचना असते), ज्याची पहिलीच गत, म्हणजे मूव्हमेंट, जवळजवळ अर्ध्या तासाची आहे. ऑर्केस्ट्रा नाहीच, पण कुठे ऑर्केस्ट्रा ‘वाजतो’ आहे आणि कुठे एकल वादक बोलतो आहे, हे अल्कांने पानावर लिहून ठेवलंय. पियानोवादक मार्क-आंद्रे आम्लँ यांचं हायपेरियन कंपनीचं रेकॉर्डिंग लावलं की लोक वेगाबद्दलच बोलतात. तुम्ही म्हणालात, वेग विसर, स्पर्श ऐक. खरंच, एकाच वाद्यातून दोन वेगळी वजनं निघतात. मला वेगापेक्षा ते कितीतरी अवघड वाटतं.

आणि संपादकांची जाणीव तर तुम्हीच दिलीत. अठराव्या शतकातल्या कोझेलुख या संगीतकाराचे पन्नास सोनाटे (एकल वाद्यासाठीच्या, काही भागांच्या रचना) एकत्र वाजवायचे तर आधी कुणीतरी जुन्या प्रती ताडून, चुका निस्तरून विश्वासार्ह आवृत्ती करायला हवी. ते काम ख्रिस्तोफर हॉगवुड यांनी केलं. त्यावरून केम्प इंग्लिश यांनी फोर्टेपियानोसारख्या (हा आजच्या पियानोचा पूर्वज) जुन्या वाद्यांवर ते सगळे वाजवले, आणि कमी माहितीच्या पियानोसंगीतालाच वाहिलेल्या ‘ग्रँड पियानो’ या कंपनीने ते काढले. यातले सगळेच सोनाटे मला सारखे आवडत नाहीत. काहींत ठरीव वळणं फार येतात. मायनर, म्हणजे उदास छटेच्या स्वरांमधले, मात्र मी पुन्हा पुन्हा लावते. ‘विसरला गेला म्हणून थोर, असं समजू नकोस,’ हे तुमचंच वाक्य. त्यामुळे मला मोकळेपणाने आवडनिवड करता आली.

फ्लॉरेन्स प्राइस या कृष्णवर्णीय अमेरिकन संगीतकाराबद्दल बोलताना मात्र तुमचा आवाज बदलायचा. इलिनॉयमधल्या एका ओसाड घरात २००९ मध्ये तिच्या हस्तलिखितांचे गठ्ठे सापडले, तिच्या मृत्यूनंतर अर्ध्या शतकाहून जास्त काळाने. तिचा १९३४चा पियानो कॉन्चेर्टो मिशेल कॅन यांनी न्यूयॉर्कच्या तरुण वादकांच्या ऑर्केस्ट्राबरोबर वाजवलाय. नावाला एकच गत, आत मात्र तीन भाग, आणि शेवटी जुबा या आफ्रिकन-अमेरिकन नाचाची लय. त्या मुलामुलींना ती लय वाजवताना किती आनंद होत असेल, ते ऐकतानाच समजतं.

बाई, आता रेकॉर्डिंग घेताना मी आधी त्यासोबतची माहितीपुस्तिका उघडते. वाद्य कोणतं, आवृत्ती कुणाची, हे पाहते. शिवाय मोंझेरूचा एक एट्यूड वाजवायला घेतला आहे. डावा हात मऊ राहतो, पण वरची ओळ दोन मात्रांच्या मध्ये तुटते. पेडल वाढवलं की सगळं मिसळून जातं. हे बोटांनीच साधायचं असणार, असं वाटतंय. तुम्हाला ऐकवायला येऊ का?

मनापासून आभार.

तुमची विद्यार्थिनी