आई, ट्रंक उघड

ती. बाबा आणि आई यांस,
सा. न. वि. वि.

बाबा, फोनवर हे जमत नाही. मी ओरडते, तुम्ही "हो हो" म्हणता आणि मग आईला विचारता, "काय म्हणत होती गं?" म्हणून तुम्हाला न मिळालेल्या अपंगत्व पेन्शनबद्दल लिहितेय.

तुम्ही फौजेतून घरी आलात तेव्हा मेडिकल बोर्डानं दोन्ही कानांना मिळून 30 टक्के दोष लिहिला आणि खाली एकच ओळ: नोकरीशी संबंध नाही. का नाही, त्याबद्दल अक्षर नाही. 21 वर्षं तोफखान्यात काढली, 1999 ला द्रासला बोफोर्सच्या शेजारी कानात कापूस कोंबून उभे होतात. मग कान काय जत्रेतल्या ढोलांनी गेले?

धरमवीर सिंह म्हणून सिग्नल्समधले, म्हणजे फौजेच्या संदेशवहन विभागातले, एक जवान होते. फेफऱ्याच्या आजारामुळे 1994 मध्ये त्यांना घरी पाठवलं, अपंगत्व पेन्शन नाकारली. 2013 ला ते सुप्रीम कोर्टात जिंकले. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान धडधाकट आला असं धरायचं, आणि पुढचं दुखणं नोकरीमुळे नाही हे दाखवायचं ओझं सरकारवर. बोर्डानं कारणंही लिहायला हवीत. तुमच्या बोर्डाच्या कागदावर नेमकी तीच नाहीत.

आधी नाशिक रोडच्या रिकॉर्ड ऑफिसला अर्ज करू. नाही म्हणाले तर मुंबईचं सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे. सुप्रीम कोर्टाच्या 2014 च्या निकालामुळे 30 टक्के असले तरी पेन्शनला 50 धरतात. थकबाकी मात्र बऱ्याचदा मागच्या 3 वर्षांचीच देतात, म्हणून उशीर नको.

"फौजेवर केस करायची?" हे तुम्ही म्हणणार, ठाऊक आहे. पण गावातल्या दोघा जवानांचे असेच अर्ज तुम्हीच आपल्या ओसरीवर बसून लिहून दिलेत की! तेव्हा नाही लाज वाटली ती?

आई, डिस्चार्ज बुक आणि बोर्डाची प्रत काढून ठेव. द्रासनंतरचं ते आंतरदेशीय पत्रही, "कानात शिट्टी वाजते, झोप लागत नाही" असं लिहिलेलं. वकील त्याला फार वजन देणार नाही, तरी मला हवंय. पोस्टानं काही पाठवू नका. मी शनिवारी येतेय, झेरॉक्स मीच काढते.

आणि हे पत्र बाबांना वाचून दाखवू नकोस. त्यांचं त्यांना वाचू दे.

तुमची,
ताई