टोपणनाव म्हणजे फेक नव्हे

आधार जोडल्याशिवाय सोशल मीडियावर अकाउंटच देऊ नका, असं सांगणारा तुमच्याकडचा लेख वाचला, खरं सांगायचं तर पटला नाही. दक्षिण कोरियाने २००७ मध्ये मोठ्या वेबसाइटवर लिहिण्याआधी ओळख पटवणं सक्तीचं केलं, पण शिवीगाळ काही फारशी थांबली नाही, उलट २०११ मध्ये तिथल्या साडेतीन कोटी खात्यांची माहिती हॅकर्सनी पळवली आणि २०१२ मध्ये त्यांच्या घटना न्यायालयाने तो नियमच रद्द केला. आपले नाटककार राम गणेश गडकरी तर कवितेत गोविंदाग्रज आणि विनोदात बाळकराम, त्यांना कुणी फेक म्हटलं नाही! दिवसा बँकेत बसणारी बाई रात्री इन्स्टावर वेगळ्या नावाने गझल टाकत असेल तर तिने आधार कशाला दाखवायचं? धमक्या देणाऱ्याला पोलीस आयपी अॅड्रेसवरून, म्हणजे त्याच्या इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून, बऱ्याचदा शोधू शकतात, तेवढं काम त्यांनी करावं.

- एक वाचक, सांगली