नंदुरबारला ‘बालेकिल्ला’ म्हणू नये

प्रति,
मा. संपादक,

विषय : नंदुरबार लोकसभा मतदारसंघाच्या राजकीय इतिहासाबद्दल

महोदय,

निवडणूक जवळ आली आणि नंदुरबारचा उल्लेख निघाला की वर्तमानपत्रांत एक शब्द हमखास वाचायला मिळतो : बालेकिल्ला. २०१४ मध्ये काँग्रेसचा बालेकिल्ला ढासळला, २०२४ मध्ये तो परत मिळाला, आणि मधल्या काळात मतदारांनी काय विचार केला याविषयी कोठे दोन ओळीही आल्या नाहीत. किल्ला म्हटले की किल्लेदार आला, आणि आतली माणसे त्याच्या ताब्यातली ठरली. या मतदारसंघात मी चाळीस वर्षांहून अधिक काळ मतदान करीत आलो आहे, शिक्षक म्हणून निवडणुकीची कामेही केली आहेत. इथल्या आदिवासी मतदाराने स्वातंत्र्यानंतर घेतलेले निर्णय या शब्दात मावत नाहीत, म्हणून हा पत्रप्रपंच.

मुळात हा सारा भाग पश्चिम खानदेशचा. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्राची चळवळ भरात असताना धुळ्यातून जनसंघाचे उत्तमराव पाटील लोकसभेवर गेले. त्या वर्षी देशभरात जनसंघाला चारच जागा मिळाल्या होत्या, त्यांतली एक बलरामपूरची अटलबिहारी वाजपेयी यांची आणि एक आपल्या खानदेशची. त्याच निवडणुकीत पश्चिम खानदेशच्या आदिवासींसाठी राखीव जागेवर प्रजासमाजवादी पक्षाचे लक्ष्मण वेडू वळवी विजयी झाले. म्हणजे ज्या भूमीला आपण काँग्रेसची पिढीजात जहागीर समजतो, तिने दुसऱ्याच सार्वत्रिक निवडणुकीत काँग्रेसला नाकारले होते. पुढे १९६० मध्ये राज्याची विभागणी झाली, तेव्हा उच्छल, निझर हा आदिवासी मुलूख गुजरातेत गेला आणि एकाच भाषेची, एकमेकांत सोयरीक असलेली गावे दोन राज्यांच्या मतदार याद्यांत वाटली गेली.

१९६७ आणि १९७१ मध्ये काँग्रेसचे तुकाराम गावित निवडून आले आणि १९७७ मध्ये काँग्रेसचेच सुरूपसिंग नाईक. या १९७७ च्या निकालापाशी थोडे थांबले पाहिजे. आणीबाणीनंतरच्या त्या लाटेत शेजारच्या एरंडोलमध्ये जनता पक्षाचे सोनूसिंग पाटील विजयी झाले, पण सातपुड्याच्या पायथ्याला लाट अडली. शहरातली माणसे याचा अर्थ असा लावतात की अडाणी आदिवासीने इंदिराबाईंचे नाव ऐकून शिक्का मारला. हा अर्थ मला मान्य नाही, कारण त्याआधीच्या सहा-सात वर्षांत शहादा-तळोद्यात जे घडले ते मी लहानपणी ऐकलेले आहे आणि पुढे त्याच गावांत नोकरी करताना म्हाताऱ्यांच्या तोंडून पुन्हा ऐकलेले आहे.

ती गोष्ट जमिनीची होती. आदिवासींच्या जमिनी गहाणखतांतून आणि कर्जातून गेलेल्या होत्या, आणि जमिनीचा जुना मालकच त्याच शेतात सालदार, म्हणजे सालाने बांधलेला गडी, म्हणून राबत होता. मे १९७१ मध्ये पाटीलवाडीत आदिवासींवर गोळीबार झाला आणि शहादा तालुका पेटून उठला. सर्वोदयाच्या कामातून पुढे आलेले अंबरसिंग महाराज आणि त्यांच्यासोबतच्या तरुणांनी १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी केली. सालदारांचे वेतन, गेलेल्या जमिनी, रोजगार हमीची कामे हे त्यांचे विषय होते. बायकांनी गावोगावी दारूची मडकी फोडली आणि मारहाण करणाऱ्या नवऱ्यांना चावडीवर जाब विचारला. अंबरसिंग महाराज १९७४ मध्ये तरुणपणीच गेले. त्याच वर्षी आदिवासींना त्यांच्या जमिनी परत देण्याचा कायदा राज्याच्या विधिमंडळाने केला. तो अंमलात किती आला हा वेगळा आणि दुःखाचा विषय आहे, पण ज्या घरात सातबारा परत येण्याची आशा निर्माण झाली, त्या घराने १९७७ मध्ये काँग्रेसला मत दिले असेल तर ते विचार करून दिलेले मत होते. खासदार काँग्रेसचा आणि कायद्यामागचा रेटा मात्र लाल झेंड्याखाली उभ्या राहिलेल्या सालदारांचा, हे दोन्ही एकत्र सांगितल्याशिवाय त्या काळचा इतिहास पुरा होत नाही.

१९८१ च्या पोटनिवडणुकीतून काँग्रेसचे माणिकराव गावित लोकसभेत गेले आणि २००९ पर्यंत सलग नऊ वेळा निवडून आले. केंद्रात ते गृह राज्यमंत्री होते, आणि २००९ मध्ये नव्या लोकसभेचे हंगामी अध्यक्षपद त्यांच्याकडे होते. या नऊ विजयांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. नवव्या विजयाचा हिशेब मात्र क्वचितच कोणी मांडला. २००९ मध्ये समाजवादी पक्षाचे शरद गावित त्यांच्यापेक्षा केवळ चाळीस हजारांच्या आसपास मतांनी मागे राहिले, तिसऱ्या क्रमांकावरच्या भाजपच्या उमेदवारालाही भरघोस मते पडली, आणि या दोघांच्या मतांची बेरीज माणिकरावांच्या मतांपेक्षा खूपच जास्त होती. पाच वर्षांनी डॉ. हीना गावित भाजपकडून एक लाखाहून अधिक मतांनी जिंकल्या, तेव्हा सर्वांना धक्का बसला. खरे तर मतदाराने आपले मन आधीच्या निवडणुकीतच सांगून ठेवले होते.

१९८९ च्या लोकसभा निवडणुकीत मला अक्राणी तालुक्यातील एका डोंगरी केंद्रावर काम मिळाले होते. धडगावपर्यंत एस.टी.ने आणि पुढे पायी, मतपेटी व लाखेच्या सीलचे सामान डोक्यावर घेऊन आम्ही संध्याकाळी पोहोचलो. आमच्यापैकी कोणालाच तिथली पावरी बोली येत नव्हती, म्हणून गावचा कोतवाल समजावून सांगायला होता. सकाळी एक वृद्ध बाई आल्या. शिक्का मारून झाल्यावर त्यांनी मतपत्रिका लगेच घडी केली नाही. शाई दुसऱ्या चिन्हावर उमटू नये म्हणून त्या कागदावर फुंकर घालीत उभ्या राहिल्या, मग उभी घडी, मग आडवी, आणि पेटीत टाकताना तो कागद पूर्ण आत गेला की नाही हे वाकून पाहिले. दोन डोंगर उतरून त्या आल्या होत्या, असे कोतवालाने सांगितले. मी हे सारे त्या रात्री कंदिलाच्या उजेडात वहीत लिहून ठेवले. एखाद्या किल्ल्यातली कैदी माणसे अशी मत देत नाहीत.

याच डोंगरातली नर्मदाकाठची गावे पुढे सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेली. महाराष्ट्रातील अशी ३३ गावे, सगळी अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली. राज्याच्या यादीत लोकसभेचा पहिला मतदारसंघ नंदुरबार आणि विधानसभेचा पहिला अक्कलकुवा, आणि त्यातले मणिबेलीसारखे केंद्र असे की तिथे मतदानयंत्रे बोटीने न्यावी लागतात. काही कुटुंबे गुजरातेत गेली, काही तळोद्याजवळच्या वसाहतींत आली, काही डोंगरातच वर सरकली. एकाच गावच्या मतदारांची अशी तीन ठिकाणी पांगापांग झाल्याचा मतांवर काय परिणाम झाला, याचा अभ्यास आपल्या दैनिकाने जरूर करावा.

आणखी एक दुरुस्ती. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला, पण नंदुरबार मतदारसंघ म्हणजे नंदुरबार जिल्हा नव्हे. अक्कलकुवा, शहादा, नंदुरबार आणि नवापूर यांच्या जोडीला धुळे जिल्ह्यातील साक्री आणि शिरपूरही त्यात आहेत. सहाही विधानसभा क्षेत्रे अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत, तरी शिरपूरच्या तापीकाठचा बागायतदार आणि तोरणमाळच्या वाटेवरचा भगर पिकवणारा शेतकरी यांची गरज एक नाही. निकालाच्या दिवशी सहा क्षेत्रांची मते वेगवेगळी न छापता एकच आकडा दिला की हा सारा फरक झाकला जातो.

२०२४ मध्ये मतदान १३ मे रोजी होते, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, जेमतेम तीन दिवस उलटले होते. ऊसतोडीसाठी आणि इतर मजुरीसाठी गुजरातेत गेलेली माणसे होळीला येतात, काही परत जातात, काही थांबतात. अशा कडक उन्हात या मतदारसंघात सुमारे ७० टक्के मतदान झाले आणि काँग्रेसचे ॲड. गोवाल पाडवी १ लाख ५९ हजारांहून अधिक मतांनी निवडून आले. दहा वर्षे ज्यांना निवडून दिले त्या डॉ. हीना गावितांनाच मतदाराने घरी बसवले, आणि याच मतदाराने त्याआधी नऊ वेळा निवडून आलेल्यांनाही घरी बसवले होते. यात कोणाचा किल्ला कोणी घेतला, हे मला दिसत नाही. वनहक्काच्या दाव्यांचे काय झाले, आरक्षणाला धक्का लागेल का, रोजगारासाठी सुरतेची वाट कधी सुटेल, हे प्रश्न मात्र मला त्या उन्हाळ्यात प्रत्येक पारावर ऐकू आले.

माझी विनंती एवढीच की पुढील निवडणुकीपूर्वी आपण या मतदारसंघावर एक लेखमाला छापावी आणि तिची सुरुवात उमेदवारांच्या घराण्यांपासून न करता पाटीलवाडीपासून, मणिबेलीपासून करावी. श्रमिक संघटनेत काम केलेली माणसे आता सत्तरी-पंच्याहत्तरीच्या पुढची आहेत, त्यांच्या आठवणी लिहून घेण्यासाठी आपल्या तालुका वार्ताहरांना पाठवावे. पराभूत उमेदवारांची नावे आणि मतेही छापावीत. १९८९ मधली माझी वही मी जपून ठेवली आहे. आपल्याला उपयोग होणार असेल तर ती मी स्वतः आपल्या कार्यालयात आणून देईन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक,
ता. शहादा, जि. नंदुरबार