एका ठिपक्याएवढा चंद्र

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,

साष्टांग नमस्कार.

मागच्या महिन्यात मी दादाच्या मोबाईलवर एकामागून एक बारा दुवे पाठवले होते आणि त्यांतला एकही उघडला गेला नाही, हे फोनवर बोलताना कळले. निळ्या अक्षरांच्या नुसत्या ओळीवरून आत काय दडले आहे, हे कोणाला समजणार? म्हणून आज मोजकीच संकेतस्थळे निवडली आहेत आणि प्रत्येकात मला काय सापडले, तेही लिहिते आहे. यांपैकी कोठेही नाव किंवा फोन क्रमांक देण्याची गरज नाही. एखादे पान तसे काही मागू लागले, तर आपण चुकीच्या ठिकाणी आलो असे समजून ते सरळ बंद करावे.

बाबा, पहिले तुमच्यासाठी आहे. जॉश वर्थ यांनी २०१४ साली सूर्यमालेचा एक नकाशा इंटरनेटवर ठेवला. 'इफ द मून वर ओन्ली वन पिक्सेल' या नावाने शोधलात, तर तो लगेच मिळेल. पडद्यावरच्या सर्वांत लहान ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. चंद्राचा ३,४७४ किलोमीटरचा व्यास अशा एका ठिपक्यात बसवून बाकी सारे, म्हणजे ग्रह आणि त्यांच्यामधली अंतरेसुद्धा, त्याच मापाने मांडले आहे. सुरुवातीला सूर्याचा चारशे ठिपके रुंदीचा गोळा दिसतो आणि मग पान आडवे सरकवत जायचे. माझ्या पडद्याची रुंदी सुमारे १,९०० ठिपके आहे, त्यामुळे पृथ्वी यायला साधारण तेवीस पडदे मागे टाकावे लागले. ती आली तेव्हा जेमतेम चार ठिपक्यांची होती आणि शेजारी चंद्राचा एकुलता एक ठिपका होता. पुढे तर नुसता काळोखच आहे. अधूनमधून लेखकाने लिहिलेले एखादे वाक्य त्या काळोखात भेटते, तेवढीच सोबत. प्लूटोपर्यंत जायचे तर जवळजवळ नऊशे पडदे होतात, असा माझा हिशेब आहे.

या पानाच्या कोपऱ्यात एक छोटे बटण आहे, ते मात्र विसरू नका. ते दाबले की पान आपोआप प्रकाशाच्या वेगाने सरकू लागते. प्रकाश सेकंदाला जवळजवळ तीन लाख किलोमीटर धावतो हे तुम्हीच मला शिकवले होते, आणि तरीही त्याला माझा एक पडदा ओलांडायला बावीस सेकंद लागले. मी पूर्ण आठ मिनिटे वीस सेकंद बसून राहिले आणि सूर्यापासून निघालेला प्रकाश पृथ्वीपर्यंत पोहोचलेला पाहिला. शाळेच्या पुस्तकातल्या चित्रात ग्रह एकमेकांना खेटून उभे असतात. त्या चित्राने माझी जी समजूत करून दिली होती, ती त्या आठ मिनिटांत पार बदलली.

आकाशाचाच विषय निघाला आहे, तर 'गॅलेक्सी झू' हेही पाहा. दुर्बिणींनी टिपलेल्या दीर्घिकांची, म्हणजे ताऱ्यांच्या प्रचंड समूहांची, छायाचित्रे एकेक करून समोर येतात आणि त्यांचा आकार सर्पिल आहे की गुळगुळीत गोल, एवढेच आपण सांगायचे असते. हा उपक्रम २००७ साली सुरू झाला आणि त्याच वर्षी हॅनी व्हान आर्केल या डच शिक्षिकेला एका दीर्घिकेजवळ विचित्र, चमकणारा डाग दिसला. त्यांनी तो दुर्लक्षून सोडून दिला नाही, हे काय आहे असे विचारले. शेजारच्या दीर्घिकेच्या केंद्रातून पूर्वी बाहेर पडलेल्या प्रखर प्रकाशाने उजळलेला तो वायूचा प्रचंड ढग निघाला, आणि आज तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. बाबा, तुमची नजर बारीक आहे आणि हाताशी निवांत वेळही आहे. तुम्ही हे खरोखर करावे, असे मला मनापासून वाटते.

छकुलीला नील अगरवाल यांचे 'द डीप सी' दाखवा. पान खाली सरकवत गेले की समुद्राची खोली मीटरमध्ये वाढत जाते आणि त्या त्या खोलीवरचे मासे भेटतात. टायटॅनिक सुमारे ३,८०० मीटरवर आहे आणि समुद्राचा सर्वांत खोल तळ त्याच्याही कितीतरी खाली, जवळजवळ ११,००० मीटरवर. दादाला सांगा की जगातले पहिले संकेतस्थळ सर्न या युरोपातल्या भौतिकशास्त्र संशोधन संस्थेने २०१३ साली त्याच्या मूळ पत्त्यावर पुन्हा उभे केले आहे. त्यावर एकही चित्र नाही, नुसता मजकूर आणि दुवे आहेत. त्याच्या कामाचा उगम तिथे आहे, म्हणून त्याने ते एकदा पाहावे.

आई, तुझ्यासाठी शेवटचे ठेवले आहे, कारण मी स्वतः सर्वांत जास्त वेळ तिथेच असते. 'रेडिओ गार्डन' उघडलेस की पृथ्वीचा गोल समोर येतो आणि त्यावर हिरवे ठिपके पसरलेले दिसतात. प्रत्येक ठिपका म्हणजे एक गाव आणि तिथली रेडिओ केंद्रे. गोल बोटाने फिरवायचा. मधल्या वर्तुळात ठिपका आला की तिथे या क्षणी जे चालू असेल, ते ऐकू येऊ लागते. एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर जाताना जुन्या रेडिओची सुई फिरवल्यासारखी खरखर होते, ती ऐकून तुला नक्की बरे वाटेल. परवा रात्री मी आइसलँडवर थांबले होते. निवेदिकेचा एक शब्दही कळत नव्हता, पण ती बातम्या देते आहे हे तिच्या आवाजाच्या चढउतारावरून ओळखता आले. मग गोल थोडा खाली आणला, तर पश्चिम आफ्रिकेत कोणीतरी मोठ्याने हसत होते आणि मागे ढोल वाजत होता.

येत्या रविवारी तुमच्या सकाळी आठ वाजता मी फोन करीन, तेव्हा रेडिओ गार्डन उघडून ठेव. ठिपका तू निवड, मीही इथे तोच लावते.

आपली,
धाकटी