कोझा हानमधल्या अमजांना अनावृत आभारपत्र

आदरणीय अमजा,

सादर नमस्कार.

तुर्कस्तानातल्या बुर्सा शहरातल्या तीन दिवसांत आम्हा चौघांपैकी एकानेही आपले नाव विचारले नाही, हे ध्यानात आले तेव्हा मुदान्याच्या धक्क्यावरून आमची बोट सुटून गेली होती. पहिल्याच दिवशी आपण छातीवर हात ठेवून ‘अमजा’ म्हणालात आणि वडिलांच्या भावाला तुर्कीत अमजा म्हणतात, आईच्या भावासाठी मात्र वेगळा शब्द आहे, असे जर्मनमधून समजावून सांगितलेत. आमच्या मराठीतही काका निराळा आणि मामा निराळा, असे मी म्हणाले, तेव्हा आपण मान हलवून म्हणालात की जर्मन लोकांचे एकाच ‘ओंकेल’वर कसे भागते हे तिथल्या मोटारींच्या कारखान्यात पंचवीस वर्षे काढूनही आपल्याला उमगले नाही. मी पुण्याच्या मॅक्समुल्लर भवनात जर्मनच्या परीक्षा दिल्या तेव्हा ती भाषा एखाद्या तुर्की काकांशी बोलायला उपयोगी पडेल असे मनातही नव्हते.

हे पत्र मराठीत लिहिण्याचे कारण असे की आपल्यापुरते आभार मी जर्मनमध्ये वेगळे लिहून त्या चहाच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवले आहेत, परंतु आपण काय केलेत हे आमच्याकडच्या लोकांनाही कळावे. आमची माणसे तुर्कस्तानला जातात ती इस्तंबूल पाहतात, कप्पाडोकियात फुग्यात बसतात आणि परततात. आम्हीही बुर्साला एकच दिवस दिला होता, तोसुद्धा तिथला केबलवे डोंगरावर नेतो एवढ्याच कारणाने. पाठीवर सॅक घेऊन सह्याद्रीत भटकणाऱ्यांना गावापेक्षा डोंगर आधी दिसतो.

त्या पहिल्या दिवशी डोंगर राहिला तो आमच्याच गलथानपणामुळे. चेकिर्गेकडून हेयकेलच्या चौकाकडे येताना आम्ही सामायिक टॅक्सीत बसलो होतो, जिला आमच्या सातारा-सांगलीकडे वडाप म्हणतात आणि आपल्याकडे डोलमुश. उतरल्यावर दहा मिनिटांनी आमच्या जालन्याच्या मित्राला आठवले की आपली सॅक मागच्या डिकीतच राहिली. तिच्यात त्याचा पासपोर्ट होता, आणि त्याहून तातडीची वस्तू म्हणजे दम्याचा पंप. गाडीचा क्रमांक कोणी पाहिलेला नव्हता. कोझा हान या जुन्या सराईच्या चौकात, झाडाखालच्या टेबलाशी आम्ही एकमेकांवर मराठीत तोंडसुख घेत होतो आणि आपण शेजारच्या टेबलावर वर्तमानपत्र वाचत होता. भाषा कळली नाही तरी भांडण कळते. आपण पेपराची घडी केलीत आणि काय हरवले, एवढेच विचारलेत.

त्यानंतरचा दीड तास मी कितीदा तरी मनात उजळला आहे. आपण प्रथम मित्राला समोरच्या औषधाच्या दुकानात नेऊन नवा पंप घेऊन दिलात, कारण सॅकचे पुढचे पुढे पाहू, श्वास आधी, असे आपले म्हणणे. मग गुडघा दुखत असतानाही माझ्याबरोबर डोलमुशच्या थांब्यापर्यंत चालत आलात, तिथल्या माणसाला आमचा मार्ग, उतरण्याची वेळ आणि सॅकचा रंग सांगितलात आणि त्याने दोन-तीन चालकांना फोन लावले. आपण मला तिथे थांबू दिले नाहीत, कारण उभे राहिल्याने गाडी लवकर येत नाही. परत कोझा हानमध्ये येऊन आपण पाच चहा मागवलेत. वाट पाहता पाहता आपणच सांगितलेत की डोलमुश म्हणजे भरलेली, आणि भरलेल्या भाजीला डोल्मा म्हणतात तो शब्दही त्याच घरातला. आमच्याकडच्या भरल्या वांग्याची आणि वडापाची अशी सोयरीक लावून दिल्याबद्दलही आपले आभार मानावे लागतील.

सॅक आली. चालकाने ती पुढच्या आसनावर ठेवून तिला पट्टा बांधला होता, जणू कोणी वडीलधारे माणूस बसले आहे. त्याने पैसे घेतले नाहीत. आपण तर औषधाचेही घेतले नाहीत. आम्ही चहावाल्याला ‘हेसाप’ असे म्हटले, हा शब्द आपल्या हिशेबाचाच भाऊ असल्यामुळे तो आमच्या तोंडी लगेच बसला होता. तेव्हा त्या मुलाने हसून आपल्याकडे बोट दाखवले आणि हिशेब कधीच झाला असल्याचे खुणेने सांगितले.

त्या दीड तासात आम्हाला कोझा हान मिळाली, आणि खरे म्हणजे बुर्साही तिथूनच मिळाली. दुसऱ्या बायझीद सुलतानाने 1491 मध्ये बांधलेली ही दुमजली सराई, मधल्या चौकात खांबांवर उचललेली चिमुकली मशीद आणि तिच्या पायाशी कारंजे, हे सारे आम्ही फोटोत पाहिले होते. परंतु कोझा म्हणजे रेशीमकोष, आणि आपल्या लहानपणी उन्हाळ्याच्या तोंडाला आसपासच्या खेड्यांतले शेतकरी याच चौकात कोषांच्या गोण्या आणून ओतत, पांढऱ्या ढिगांतून वाट काढत आपण वडिलांच्या मागे हिंडत असा, हे कोणत्या फोटोत दिसणार? इथे आमचा जालन्याचा मित्र एकदम सरसावून बसला. त्याच्या घरी तुतीची बाग आहे आणि त्याचे वडील जालन्याच्या बाजार समितीत कोष विकतात. तुतीला आपल्याकडे ‘दुत’ म्हणतात हे कळल्यावर मला दुभाष्याचे काम जवळजवळ उरलेच नाही. दुत, तुती, पाने, अळी, कोष असे हातवारे सुरू झाले. आपल्याकडे हिवाळ्यात झाडांची पाने झडतात म्हणून अळ्यांची एकच फेरी, तीही वसंतात. त्याच्याकडे पाणी असेल तर वर्षातून चार-पाच फेऱ्या निघतात. हे ऐकून आपण त्याचा हात हातात घेऊन तळवा पाहिलात, शेतकऱ्याचा आहे की नाही याची खात्री करून घ्यावी तसा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आपण आमच्या मुक्कामाच्या दाराशी उभे असाल असे आम्हाला वाटले नव्हते. आमच्या यादीत सतरा ठिकाणे होती. आपण ती वाचून चार ठेवलीत आणि कागद घडी करून स्वतःच्या खिशात टाकलात. उलू जामीत आपण आम्हाला आधी वर पाहू दिले नाहीत. वीस घुमटांची ही मशीद पहिल्या बायझीदाने निकोपोलिसची 1396 ची लढाई जिंकल्यावर बांधली. वीस मशिदी बांधण्याचा नवस होता, त्याची भरपाई वीस घुमटांनी केली, असे लोक सांगतात. आपण मात्र आम्हाला मधोमध असलेल्या कारंज्याच्या काठावर बसवलेत आणि पाण्याचा आवाज ऐकायला सांगितलेत. त्या जागेवर एका बाईचे घर होते, ती विकायला तयार नव्हती, आणि बळाने घेतलेल्या जमिनीवर नमाज पढू नये म्हणून तिथे पाणी ठेवले, ही कथा आपण सांगितलीत. ती खरी की खोटी हे आपण सांगितले नाहीत, आम्हीही विचारले नाही. शुक्रवारच्या नमाजाची गर्दी सुरू होण्याआधी आपण आम्हाला बाहेर काढलेत आणि माझ्या मैत्रिणीच्या डोक्यावरची घसरलेली ओढणी शेजारच्या एका आजींना सावरायला सांगितलीत, स्वतः हात लावला नाहीत.

येशिल तुर्बे पाहताना आमच्यात जो वाद झाला त्याची आपल्याला गंमत वाटली होती. येशिल म्हणजे हिरवे, आणि 1421 मध्ये वारलेल्या पहिल्या मेहमेदाची ही कबर बाहेरून चक्क निळसर. 1855 च्या भूकंपानंतर बाहेरच्या बऱ्याच फरशा नव्याने बसवल्या, आतल्या जुन्या, हे आपण दाखवलेत. शेजारच्या मशिदीतल्या फरशा तब्रीझच्या कारागिरांच्या, तसा लेख तिथे आहे. आमच्या छायाचित्रकार मित्राला त्या पाहून बीदरच्या महमूद गवानच्या मदरशाच्या भिंतीवर उरलेल्या फरशा आठवल्या, आणि मला वाटते दुपारच्या माझ्या आगाऊपणाचे बी तिथेच पडले.

तो आगाऊपणा मुरादिये या शाही दफनभूमीतला. बागेत विखुरलेल्या त्या तुर्बांमध्ये आपण आम्हाला थेट दुसऱ्या मुराद सुलतानाच्या कबरीपाशी नेलेत. मला आजवर पाहिलेल्या कोणत्याही राजाच्या समाधीपेक्षा ती अधिक आवडली. बाकी सुलतान संगमरवराखाली आणि रंगीत फरशांमध्ये. हा साध्या मातीत, आणि अंगावर पाऊस पडावा अशी इच्छा असल्यामुळे वरचा घुमट मध्यभागी उघडा ठेवलेला. उजेड सरळ मातीवर उतरत होता. तिथे मी आपल्याला सांगितले की आमच्या दख्खनमध्ये विजापूर नावाची राजधानी होती, आमच्या शहाजीराजांनी ज्या आदिलशाहीची चाकरी केली तिची. त्या घराण्याचा मूळपुरुष युसूफ आदिलशाह हा याच मुरादचा मुलगा, असे विजापूरच्या दरबारात बसून इतिहास लिहिणाऱ्या फिरिश्त्याने नोंदवले आहे. 1451 मध्ये मुराद वारला, दुसरा मेहमेद गादीवर आला आणि त्याने आपल्या तान्ह्या सावत्र भावाला मारवले, हे तर इतिहासात आहेच. फिरिश्ता म्हणतो की आणखी एका मुलाला त्याच्या आईने एका व्यापाऱ्याच्या हवाली केले, त्याच्या जागी दुसरेच पोर ठेवले, आणि तो मुलगा इराणात वाढून पुढे समुद्रमार्गे हिंदुस्थानात पोहोचला. अभ्यासक या कथेवर फारसा विश्वास ठेवत नाहीत. ज्याचे मीठ खाल्ले त्या घराण्याला थोर कुळ जोडून देणारा फिरिश्ता काही पहिला बखरकार नव्हे. हेही मी आपल्याला प्रामाणिकपणे सांगितले.

आपण सगळे ऐकून घेतलेत. बराच वेळ गप्प राहिलात. मग कबरीकडे वळून तुर्कीत दोन वाक्ये बोललात आणि माझ्यासाठी त्यांचे जर्मन केलेत : मुलाचे हिंदुस्थानात बरे चालले होते, एवढे त्यांच्या कानावर घातले. आम्ही चौघे हसलो, आपण हसला नाहीत. तीन दिवसांत आपल्याकडून आम्ही इतके घेतले, आणि आपल्याला नवे असे काही दिले असेल तर ती एवढी एकच संशयास्पद गोष्ट, अमजा.

जेवणाविषयी लिहिले नाही तर माझी शाकाहारी मैत्रीण मला क्षमा करणार नाही. बुर्सा ही इस्केंदर कबाबची जन्मभूमी, आणि आम्ही तिघांनी दह्या-लोण्याचा तो थाळा पुसून खाल्ला. तिच्यासाठी मसुरीचे सूप मागवल्यावर आपण उठून थेट स्वयंपाकघरात गेलात आणि ते हाडांच्या पाण्यात शिजवले आहे का, असे विचारून आलात. होते. मग दुसऱ्या दुकानातून तिळाच्या कुटाची गोड रोटी आणि पाण्यात शिजवलेले सूप आले. मांस नको म्हटले की लोक वरचे तुकडे काढून देतात, हा अनुभव तिने इस्तंबूलमध्ये घेतला होता; भांड्याच्या तळाशी काय आहे हे विचारणारे आपण पहिलेच.

तिसऱ्या दिवशी आपल्या सांगण्यावरून आम्ही जुमालीकिझिक या जुन्या खेड्यात गेलो, दगडी गल्ल्यांतून फिरलो, न्याहारी केली. उरलेल्या वेळात उलुदागलाही जाऊन आलो. 2543 मीटरचा तो डोंगर, आमच्या कळसूबाईहून जवळपास नऊशे मीटर उंच, पण वर धुके इतके दाट की समोरचा माणूस दिसेना. आपण आदल्या दिवशीच तसे म्हणाला होता.

निघताना आपण कोझा हानमधल्या एका दुकानातून एक पांढरा कोष घेऊन जालन्याच्या मित्राच्या खिशात घातलात. ती वस्तू आता कुठे आहे हे कळवण्यासाठीच मुख्यतः हे पत्र. त्याने ती गावी नेली. त्याच्या वडिलांनी तो कोष कानाशी धरून हलवला, आतला वाळलेला किडा खडखडतो आहे हे ऐकले, बोटांनी दाबून कवच किती भरले आहे ते पाहिले आणि माल चांगला असल्याचे सांगितले. सध्या तो त्यांच्या देवघरात, हळदीकुंकवाच्या करंड्याशेजारी आहे. आपल्याकडे तुतीची छाटणी कोणत्या महिन्यात करतात, आणि एकाच फेरीवर घर चालत असे का, असे त्यांनी विचारले आहे. सवडीने कळवावे. जर्मनमध्ये लिहिलेत तरी चालेल. त्यांना वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे आहे.

आपली कृतज्ञ,
चौघांपैकी जर्मन बोलणारी
पुणे