सुट्टीत शाळेची झाडं जगवणाऱ्यांचे आभार

लहान शाळेत वृक्षारोपणाच्या दिवशी सगळे वर्ग अंगणात असतात. रोप जगतं की नाही, हे मात्र पुढच्या उन्हाळी सुट्टीत ठरतं. त्या सुट्टीत, कुणी सांगितलेलं नसताना बादली उचलणाऱ्या सगळ्यांचे मनापासून आभार.

तुम्ही पाणी बुंध्यावर ओतलं नाहीत. बुंध्यापासून वीतभर लांब गोल आळं केलंत आणि आठवड्यातून दोनदा त्यात बादलीभर पाणी सावकाश जिरवलंत. रोज तांब्याभर घातलं की वरची माती तेवढी भिजते, मुळं वरच राहतात आणि कडक उन्हात रोप मान टाकतं. आळ्यात चार बोटं पाचोळा पसरलात, पण खोडाला चिकटू दिला नाहीत. ओला पाचोळा टेकून राहिला की साल कुजते.

रोपाला आधाराच्या काठीशी बांधलेली सुतळी सैल करणाऱ्याचे विशेष आभार. खोड जाड होत जातं, गाठ तशीच राहते आणि सालीत रुतते. तुम्ही जुन्या कापडाची पट्टी घेऊन काठी आणि खोडामध्ये इंग्रजी आठच्या आकड्यासारखा पीळ दिलात. किती बारीक लक्ष!

पिशवी न फाडता लावलेलं रोप ओळखून, उकरून, गोल फिरलेली मुळं मोकळी करणारेही तुमच्यातलेच.

शाळा सोडताना मोठी मुलं आपापलं झाड धाकट्यांच्या हवाली करतात. यंदा हवाली करायला झाडं उभी आहेत.

पावसाआधी आळी तेवढी मोडूया. पाणी साचलं तर मुळं गुदमरतात.